टीमचा रंग

सेक्टर दहामधल्या बायकांची आमची व्हॉलीबॉल टीम. रविवारी सकाळी क्वार्टरांमागच्या मैदानावर खेळायचो, दोघी-तिघी साडीचा पदर खोचून, बाकीच्या सलवार-कमीजवर. जवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं जर्सी द्यायचं कबूल केलं, तेव्हा टीमला चिन्ह पाहिजे म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्याच दुसऱ्या एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते.

आमची कॅप्टन माझी लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींचे वडील विदर्भातून इकडे हिंदी मुलखात, स्टील प्लांटात नोकरीला आलेले, दोघी बौद्ध घरातल्या. मी तिचाच हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. शाळेत बॉल लागून तिची करंगळी वाकडी झाली होती. तीही तशीच ठेवली. हातावर चेंडू, खाली टीमचं नाव. छातीवर केवढं, बाहीवर केवढं, बॅनरवर कसं, यावर मी आठ दिवस खपले. मग रंग. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही दोघी जो निळा झेंडा धरायचो, तो निळा मी जुळवत बसले. ती शेजारीच होती.

"हाच ठेव वं," ती म्हणाली. "दुसरा नको."

डिझाइन कारखानदाराकडे पोचवायला तीच गेली.

टूर्नामेंटच्या सकाळी खोका उघडला तर जर्स्या केशरी. हात होता, पण करंगळी सरळ केलेली. बाकीच्या बायका जर्स्या अंगाला लावून छान म्हणत होत्या.

"कारखान्यावाल्यानं बदललं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता काय करतं? घाल."

मी घातली. दोन सर्व्हिस नेटमध्ये मारल्या. आम्ही हरलो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून मी त्या कारखानदाराच्या ऑफिसात गेले. रस्ताभर कडक वाक्यं जुळवली होती. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझं ऐकून गोंधळून गेला.

"मैडम, हमको तो नीला ही पसंद था. सैंपल भी बन गया था. आपकी कैप्टन ने फोन करके बदलवाया."

कपाटातून त्यानं नमुन्याची जर्सी काढून टेबलावर ठेवली. निळी. वाकड्या करंगळीची. मी त्याची माफी मागितली आणि चहा न पिताच निघाले.

संध्याकाळी ती अंगणात मेथी निवडत होती.

"कावून केलं तू?" मी उभ्यानंच विचारलं.

तिला कळलं. कारखानदाराचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

"निळं पाहून लोक लगेच ओळखतात, ही यांची टीम आहे म्हणून," ती म्हणाली. "बाकीच्या बाया यायच्या बंद झाल्या असत्या."

"कोन म्हटलं असं?"

"म्हणत नाई कोनी. मले समजते. कोनी म्हणू नये म्हणूनच बदललं."

"मले विचारायचं होतं."

"विचारलं असतं तं तू हो म्हटली असती काय?"

"नाई."

"मंग?" म्हणून तिनं पुढची जुडी सोडली.

परक्यानं असं केलं तर कसं उभं राहायचं, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. तिच्यासमोर माझ्याकडे काहीच नव्हतं. मी घरी आले आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी टीममधल्या दोघी मला बोलवायला आल्या. मी गुडघा दुखतो म्हणाले. खरं कारण मलाही त्यांच्यासमोर सांगता आलं नाही, याची लाज अजून वाटते.

टीम वाढली. दुसऱ्या सेक्टरांतल्या बायकाही येतात. निळ्या जर्सीत त्या आल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, नवं बॅनर बनवून देशील काय? मी 'नाही' एवढंच लिहिलं. तिनं कारण विचारलं नाही.