तीन वेळा भानुदास

आत्मा मानायचा नाही, भूत मानायचं नाही — हे मी सातव्या वर्षी वडिलांकडून शिकलो आणि पुढं तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं. अंगात आलेल्या एका बाईला मी भर गर्दीत "चहा घेता का?" असं विचारलेलं आहे. त्यामुळं हे लिहिताना हात अवघडतोय... पण मागच्या महिन्यात हमीद गेला, आणि आता हे सांगणारा मी एकटाच उरलो.

गाव पिंगळी, जिल्हा परभणी. स्टेशनच्या रस्त्यावर हमीदचं शिलाईचं दुकान होतं. नामांतराचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, विद्यापीठाचं नाव मात्र अजून जुनंच होतं. शाळा सुटली की मी हमीदच्या बाकावर जाऊन बसायचो आणि वाद एकच — कोणता शाहीर कोणत्या काळात खरा पेटला होता? त्यातही वालूरच्या सखारामवरून तर आमचा रोज घसा बसायचा.

"अठ्ठ्याहत्तरपर्यंतचा सखाराम म्हंजे सखाराम," हमीद काज करता करता म्हणायचा. "बादमधी निस्ता गळा राहिला, मास्तर. बोल गेले."

मला नंतरचा सखाराम थोर वाटायचा, त्याच्या आवाजात दुःख उतरलं होतं म्हणून. खरं सांगायचं तर बोल पडलेत हे मलाही कळत होतं, पण हमीदला जिंकू देणं माझ्या स्वभावात नव्हतं.

माझी चुलती, काकू, वाटेनं जाताना थांबायची. "कशाला भांडायलाव? तवापर्यंत लिव्हणारा जित्ता व्हता."

लिहिणारा म्हणजे तिचा नवरा, माझा भानुदासकाका. येलदरीच्या कालव्यावर मजूर होता. गाणी तो रचायचा, सखाराम गायचा, आणि शेवटच्या ओळीत शाहिराचं नाव असतं तिथं सखारामचं नाव यायचं. काकाला स्वतः गाता येत नव्हतं. बोलताना अडखळायचा, आणि स्वतःच्या नावावर तर सगळ्यात जास्त. ठराव झाला त्याच साली तो काविळीनं गेला. काकूचं म्हणणं कुणीच खरं धरलं नाही. मीही "असेल, असेल" म्हणून टाळायचो, त्याची आज लाज वाटते. तिचं मागणं एवढंच होतं, की एकदा तरी चार माणसांत त्या गाण्यात त्याचं नाव यावं.

त्या वर्षी जयंतीला सखारामची गायन पार्टी गावात आली. संध्याकाळचे पाच वाजले होते, चांगलं ऊन होतं. मांडवात शे-दोनशे माणूस, पुढं बायकांत काकू. हमीदनं टेपरेकॉर्डर आणला होता — मला गप्प करायला पुरावा पाहिजे म्हणून.

सखारामनं जुनं गाणं घेतलं. त्याची शेवटची ओळ, 'सखाराम म्हणे, उजेड पेरा.' आम्ही ऐकलं ते असं — "भा... भा... भानुदास म्हणे, उजेड पेरा."

ढोलकी थांबली. सखाराम पाणी प्याला, ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. हा माणूस उभ्या जन्मात अडखळला नव्हता. आणि 'भ'वर ओठ चिकटून मग सुटण्याची ती तऱ्हा... ती आमच्या घरातली होती.

कार्यक्रम तिथंच मोडला. सखाराम हमीदच्या दुकानात येऊन बसला. "मी माझंच नाव घेतलं. सगळे असे कामून पाहायलेत माझ्याकडं?"

हमीदनं टेप लावली. टेपवर तिन्ही वेळा स्वच्छ 'सखाराम म्हणे'. आम्ही चक्रावून एकमेकांकडं बघतोय, तोच सखारामचा चेहरा पांढराफटक पडला.

"बंद करा ते," तो म्हणाला. "भानुदास अडखळायलाय."

मांडवात त्याच्याशिवाय सगळ्यांनी ऐकलं होतं. टेपवर ते फक्त त्यालाच ऐकू येत होतं.

तो तसाच उठून काकूच्या दारात गेला. गल्ली जमली. सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, गाणे त्याचे हायेत. मी चोरले." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून ते गाणं गायला, शेवटी भानुदासचं नाव घालून, अजिबात न अडखळता. पुढं मरेपर्यंत तो तसंच गायला.

मला वाटलं, काकू आता रडेल. तिनं त्याला पाणी दिलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मांडवात गाणं कामून थांबलं व्हतं रं?"

ती सगळ्यात पुढं बसली होती. तिला तिन्ही वेळा 'सखाराम'च ऐकू आलं होतं.

त्यानंतर कितीतरी दुपारी ती दुकानात येऊन टेपला कान लावून बसायची. हमीद तेवढा वेळ मशीन बंद ठेवायचा. तिला कधीच काही ऐकू आलं नाही. माइकचा दोष म्हणा, गर्दीचा भास म्हणा — मी सगळं लावून पाहिलं, एकही बसत नाही. शेवटी एकदा मीच तिला समजावलं, की काकू, मेलेलं माणूस बोलत नसतं.

"साऱ्या गावाशी बोलले की," ती म्हणाली. "माझ्याशीच तेवढं न्हाई बोलले."