हजेरीपटातल्या दोन सुट्ट्या

रामनगरला दादाच्या दारातली म्हैस श्रावणात व्याली. मार्गशीर्ष अर्धा सरला तरी माजावर आली नव्हती. माज नाही तर गर्भ नाही, आणि गर्भ नाही तर पुढच्या वर्षी दूध नाही. दादाने येत्या अमावास्येला व्यापाऱ्याला बोलावले होते. वहिनीने मात्र त्या म्हशीला पारडू असल्यापासून वाढवलेले. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी नदीपलीकडच्या शहरात, शाळेत गणित शिकवते. दिवाळीलाच मी वहिनीला म्हशीचा हजेरीपट आखून दिला होता. रकाने तीन: ओरडणे, अस्वस्थता, दूध. पहिल्या दोन्हींत रोज 'नाही'.

वद्य पंचमीला दादाने पशुवैद्य आणले. कोपरापर्यंतचा हातमोजा चढवून त्यांनी आतून तपासले आणि ते हसले.

"मास्टरनीजी, भैंस तो पास है. परीक्षक फेल हैं."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. व्याल्यानंतर अंडाशय काही काळ विसावते, मग पुन्हा कामाला लागते. या म्हशीचे लागले होते. बीज सुटल्याची खूण त्यांच्या बोटांना लागली होती. परंतु म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही. त्या दिवशी दूध कमी देते, स्वच्छ चिकट स्राव दिसतो, तोही बहुधा पहाटे. साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा तेच.

मी हजेरीपट उघडला. दोनच दिवसांची नोंद नव्हती: देवदीपावली, जी इकडे कार्तिक पौर्णिमेला असते, आणि चंपाषष्ठी. शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे मीच तिथे 'सुट्टी' लिहिले होते.

"वहिनी, या दोन दिवशी दूध किती निघालं?"

"देवदीपावलीला खिरीलाही पुरलं नाही! पारडूच पिऊन गेलं म्हणून मी त्याच्या नावानं खडे फोडले. चंपाषष्ठीलाही तेच."

"मग लिहिलं का नाही?"

"सुट्टी तुम्हीच दिली होतीत, वन्सं. म्हशीला कुणी कळवलं होतं?"

मी बोटे मोजली. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा, पुढे षष्ठीपर्यंत सहा. एकवीस! आणखी एकवीस म्हणजे वद्य द्वादशी, अमावास्येच्या तीन दिवस आधी! मी इतक्या मोठ्याने ओरडले की म्हशीनेच मान वळवून पाहिले.

द्वादशीला पहाटे धुक्यातून पूल ओलांडून मी पोचले, तर वहिनी अर्धीच भरलेली बादली घेऊन दारात उभी. म्हैस निवांत रवंथ करीत होती. शेपटीखाली मात्र काचेच्या धाग्यासारखी तार लोंबत होती.

"दिसलं, वन्सं, दिसलं!"

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, हा डॉक्टरांचा नियम. संध्याकाळी दावे दादाने स्वतः धरले, आणि मग व्यापाऱ्याला फोन केला. "अमावस को मत आइए, भैया. अभी रुकिए."

नव्या हजेरीपटात मी संक्रांतीलाही सुट्टी दिली नाही. एकविसाव्या दिवशी बादली नेहमीसारखी भरली, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. माज परतला नव्हता. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हातमोजा उतरवत मान डोलावली: गाभण.

वहिनीने खुंटीवरचा हजेरीपट काढून माझ्या हाती दिला.

"आता द्या खुशाल सुट्टी."

त्या दिवशी ती माझ्याही आधी जेवायला बसली.