भर जत्रेत व्याह्यांचा मुकुट पाडला

प्लायवूडची नऊ दारं, लांबून दगडी दिसणारी.
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे चार साप.
पत्र्याची तलवार.
जुन्या फवारणी पंपातून धुराचं मशीन.
आणि जळक्या मोटारींतल्या तांब्याच्या तारेचा एक मुकुट.

सगळं मी माझ्या हातानं केलं. कुठला कोर्स केला नाही, कुणाचा व्हिडिओ बघितला नाही.

आणि तो मुकुट माझ्याच हातानं माझ्या व्याह्यांच्या डोक्यावरून उडवला. भर जत्रेत. त्यांच्या सगळ्या भावकीसमोर.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. म्हणून ही पोस्ट. रडू नका, हसायचंच आहे.

अण्णा म्हणजे माझ्या मनीषाचे सासरे. येडशीकडचे. हयात मेंढरांमागं गेली. हाक मारली की पलीकडच्या माळावरची मेंढी थांबायची.

आमच्या ईट गावच्या जत्रेत दरवर्षी तेच तेच नाटक व्हायचं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे; जळक्या मोटारी तारेनं परत भरता भरता मी तिथंच नवीन स्क्रिप्ट लिहिलं, ‘नऊ दारांचा खेळ’. मोबाईलवर पोरं खेळतात तसला सर्व्हायव्हल गेम, पण आपल्या पद्धतीचा.

मांत्रिकाच्या किल्ल्यात नऊ जण शिरतात. दार उघडलं की एक जण हरतो, त्याचा दगड होतो. शेवटच्या दाराशी जो उरेल, त्यानं मांत्रिकाचा मुकुट पाडायचा. नाही पाडला तर त्याचाही दगड.

मांत्रिक अण्णा. उरणारा मी.

आवाज बघून अण्णांना घेतलं आणि नात्याचा विचारच केला नाही. मुलीचा बाप मुलीच्या सासऱ्याला ‘तू’ म्हणत नसतो. डोक्याला हात लावायची गोष्ट तर सोडाच.

त्यामुळं तालमीत सामना असा चालायचा.

मी : “मांत्रिका, तुमचा शेवट जवळ आलाय!”

अण्णा : “या व्याही, या! आज तुमाला जित्तं सोडत न्हाय. बसा, आदी पानी घ्या.”

दगड झालेली आठही पोरं हसून हलायची.

मुकुटाचा प्रसंग आला की मी म्हणायचो, “इथं मुकुट पडला असं धरा.”

अण्णा म्हणायचे, “आमी धरतो वो. जत्रंतली मानसं धरत्याल का?”

जत्रेच्या सकाळी मनीषाचा फोन. “पप्पा, इकडचे सगळे येणार आहेत. मोठे मामंजी पण. त्यांना मानपानाचं लई असतं. जपून करा.”

मोठे मामंजी म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, दादा. एकदा त्यांच्या मनाला लागलं की पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मला बाकी कशाची भीती नव्हती.

खेळ रंगला. साप सळसळले, धूर वेळेवर निघाला. आठ जण दगड झाले.

स्टेजवर मी आणि अण्णा. समोरासमोर.

पहिल्या रांगेत फेटा बांधून दादा. बायकांच्यात डोक्यावर पदर घेतलेली मनीषा.

माझा हात उठेना. डायलॉग पण गेला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, “ह्यो बी दगड झाला रं!”

अण्णांनी वाट बघितली. मग पब्लिककडं वळले. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

“गाववाल्यांनो! ह्यो मुकुट बगितला का? ह्यो गडी सांगत फिरतोय, म्या बनवलाय. साफ खोटं! खालच्या खेळण्याच्या दुकानातनं इकत आणलाय! प्लॅस्टिकचा!”

प्लॅस्टिकचा.

तार पिळून पिळून माझ्या बोटांची सालं गेली होती.

“खोटं बोलतोस तू!” मी ओरडलो आणि दिली एक ठेवून.

मुकुट गेला. आणि फिटिंग माझी, एकदम टाइट, त्यामुळं आतली पांढरी टोपी पण मुकुटासोबत गेली.

लोक सांगतात की मुकुट स्पीकरवर आदळला. चूक. तो दादांच्या पायाशी पडला.

व्याही बोडक्या डोक्यानं उभे, आणि हात माझा.

अण्णा मात्र मरायला लागले. कसलं मरण! स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळले. उठले, परत मेले.

तेवढ्यात दादा टोपी घेऊन तरातरा स्टेजवर. “व्याही, ही कुटली रीत म्हनायची?”

पदराआडची मनीषा मला दिसत होती.

मेलेल्या अण्णांनी एक डोळा उघडला.

“दादा, म्या मेलोय. मेलेल्याच्या टोपीला कसला मान? खाली बसा तुमी, पडदा पाडायचाय.”

आधी दादाच हसले. मग जी जत्रा हसली, ती पडदा पडला तरी थांबेना.

जेवताना अण्णा मनीषाला म्हणाले, “सूनबाई, तुज्या बापानं माजी टोपी पाडली. दंड म्हनून दोन पोळ्या जास्त वाढ.” मग माझ्याकडं बघून हळूच, “तुमच्या कामाला नावं ठेवल्याबिगर तुमचा हात उटनार न्हाय, म्हाईत हुतं मला.”

नंतर दरवर्षी हा खेळ झाला. दरवर्षी ते माझ्या कामाला नव्यानं नावं ठेवायचे, दरवर्षी मला खरोखर राग यायचा. साप म्हणे आळ्या दिसतात!

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा छताकडं बोट करून म्हणाले, “ह्यो पंखा लई वाजतोय. तुमीच भरलाय वाटतं.”

मी म्हटलं, “खोटं बोलताय तुम्ही.”

“आता तरी ‘तू’ म्हना की वो.”

“स्टेजवरून खाली आल्यावर जमत नाही, अण्णा.”

खूप हसले. खोकला येईपर्यंत.

या अण्णा आता. मनीषा मजेत आहे, दादा तिला लेकीसारखं बघतात. तुम्ही निवांत राहा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातली एक जत्रा कमिटी घरी आली होती. सगळा खेळ दारांसकट न्यायचा होता. मांत्रिक त्यांच्यातला, समोर मी. एका प्रयोगाचे पंचवीस हजार रुपये.

चहा पाजला आणि नाही म्हणालो.