जुम्म्याचा बार

तो मंगळवार आजही लख्ख आठवतो. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही. सगळे हयात आहेत, आपापल्या जागी सुखात आहेत.

तीन दिवसांपूर्वी दूरच्या एका शहरात बॉम्बस्फोट झाला होता. आमच्याकडे काहीच घडलं नव्हतं, तरी वरून सतर्कतेचा आदेश आला. नाकाबंदी लागली, लॉज तपासले, बसस्थानकावर दोन माणसं जादा दिली. मशिदीतले चार बुजुर्ग न बोलावता ठाण्यात आले आणि स्फोटाच्या निषेधाचं पत्र माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी ते आवक रजिस्टरला घेतलं. गावातल्या दुसऱ्या कुणाला असं पत्र द्यावं लागत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी सकाळी एक भुसार व्यापारी धापा टाकत आले. गृहस्थ सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घनसावंगीहून जीपने येताना शेजारच्या माणसाचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"साहेब, दाढीवाला माणूस. पिशवीत वायरीच वायरी. म्हणला, जुम्म्याला बाजाराच्या मैदानात बार उडवून टाकू. पाचशे माणूस जमंल. सामान येऊन पडलंय, झाकून ठेवलंय."

"मराठीत बोलत होता?"

"बिलकुल मराठीत. म्हणून तर मला बराबर समजलं."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. जीपवाल्याला विचारल्यावर अर्ध्या तासात पत्ता लागला. विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करणारा पन्नाशीचा मुसलमान कारागीर होता तो. आणायला मी दोन शिपाई पाठवले. साध्या कपड्यांत जा, गाजावाजा करू नका, एवढं सांगायचं मात्र राहिलं. त्यांनी त्याला भर बाजारातून सरकारी गाडीत घालून आणलं. ही चूक माझी, शिपायांची नाही.

पिशवी टेबलावर रिकामी केली. तांब्याची तार, टेस्टर, पक्कड, दोन कपॅसिटर. मी थेट विचारलं, "शुक्रवारी मैदानात काय करणार आहेस?"

त्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला सांगितलं, माणूस सापडला.

"चुकलं साहेब. परवानगी काढायची राहूनच गेलती."

"कसली परवानगी?"

"आवाजाची. अन् मैदानाची. आजच अर्ज देतो."

"तुझ्याबरोबर आणखी कोण आहे?"

"समदी गल्लीच हाय की. पाटलाचे पोरं बी हायेत. सामान त्यांच्याच गोठ्यात टाकलंय."

मी टेबलावर हात आपटला. "सरळ सांग! काय उडवायचं आहे?"

जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या महिला शिपायाने पेन खाली ठेवलं.

"साहेब, एक बोलू? आमची आई घरी रोज हेच म्हणती. यंदा ह्या पोरीचा बार उडवून टाका, म्हणून."



"व्हय ना साहेब," तो माणूस म्हणाला, "पोरीचं लगीन हाय. मंडपवाल्याशी बोलत होतो." आणि त्याने खिशातून पत्रिका काढली. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी.

अंमलदार तोंड दाबून हसला. मीही हसलो. तो नाही हसला. आम्ही त्याला काय समजलो होतो, ते त्याला आत्ता कळत होतं. "मला वाटलं, तुम्ही लाऊडस्पीकरचं बोलून राह्यले," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी हेच शब्द वापरले होते. व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं तेव्हा त्यांनीही कपाळावर हात मारला. त्यांच्या घरातही हाच शब्द. तेच बोलणं एखाद्या पाटलाच्या तोंडून ऐकलं असतं, तर त्यांनी जीपमध्येच विचारलं असतं, मुलगा काय करतो? आणि मीही स्टेशन डायरी उघडली नसती. आमची मराठी आम्हालाच कळेनाशी झाली, ती बोलणाऱ्याची दाढी पाहून. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

मी त्यांची माफी मागितली. एव्हाना मी अरे-तुरेवरून अहो-जाहोवर आलो होतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "साहेब, तुमचं कामच हाय ते. पण बाजारात समद्यांनी पाह्यलं. नवऱ्या मुलाच्या चाच्याचा फोन बी आल्ता म्हणं घरी, ठाण्यात का नेलं म्हणून. हे लगीन मोडलं तर पोरीला पुन्हा कोण विचारील?"

"मी फोन करून सांगतो त्यांना."

"फोन नको. पोलिसाचा फोन आला म्हणून आणखी भितील. तुम्ही लग्नाला या. वर्दीत या. मला गाडीतून आणताना लोकांनी पाह्यलंय ना, मंग माझ्या मांडवात तुम्हाला जेवताना बी पाहू द्या."

डायरीला 'माहितीत तथ्य आढळले नाही' अशी नोंद करून प्रकरण मिटलं. परवानगीचा अर्ज त्या महिला शिपायानेच लिहून दिला, मी सही केली.

शुक्रवारी मी पूर्ण गणवेशात गेलो. पाटलाची पोरं पंगतीत वाढत होती. वधूपित्याने मला अगदी दर्शनी जागी बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. बगारा खाना आणि दालचा होता, मी पोटभर जेवलो. निकाह आनंदात लागला. ती मुलगी आज परतूरला शिवणाचं दुकान चालवते, तिला दोन मुलं आहेत, हे लिहिताना मला फार बरं वाटतं.

हात धुऊन मी टोपी उचलली, तेवढ्यात ते घाईघाईने जवळ आले आणि कानाशी म्हणाले, "साहेब, अजून थोडं बसा. फोन करणारे चाचा आत्ता पंगतीला येऊन राह्यले. त्यांनी तुम्हाला जेवताना पाह्यलं न्हाई."

मी टोपी खाली ठेवली आणि पुन्हा ताट घेतलं. काहीही न केलेल्या माणसाला निर्दोष ठरवायला दोनदा जेवावं लागतं, हे मला नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी कळलं.