एका कार्डावर पाच चाली

मंडळी, आज दुपारी नामपूरहून सुनंदाचं पोस्टकार्ड आलं. ती माझी शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन मी नाशिकला आले, तेव्हापासून आम्ही पोस्टानं बुद्धिबळ खेळतो.

डावाची सुरुवात आम्हाला पाठ आहे. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. अशा ठरलेल्या चाली एकदमच लिहून पाठवता येतात, ‘तू हे खेळलीस तर मी ते’ असं. वेळ वाचतो. आम्ही तसं कधीच केलं नाही. एका कार्डावर एकच चाल आणि उरलेल्या जागेत गप्पा.

आज नव्या डावाच्या पाच चाली तिनं एकदम लिहिल्यात. गप्पांना जागाच नाही. कोपऱ्यात फक्त एवढंच, ‘अगं, सत्तरी आली. इतकं हळू खेळून हा डाव पुरा कधी व्हायचा?’

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. गंगापूर रोडच्या पोस्टात गेले, कार्ड घेतलं आणि तिथंच उभ्यानं उत्तर लिहिलं. एकच चाल. खाली विचारलं, दारातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का?

आता आठवडाभर वाट बघेन. तुमच्यापैकी कोणी असं मुद्दाम हळू खेळतं का?