जानेवारीतला शटडाऊन

"शटडाऊन म्हणजे शटडाऊन!" असं म्हणून काका कात्री हवेत दोनदा वाजवायचे आणि झाडाला भिडायचे. झाड एकच, कुंडीतलं, जेमतेम गुडघाभर उंचीचं. पण काकांचा आवेश असा, की खाली रस्त्यावर माणसं थांबून वर बघायची.

काका रिफायनरीत मेंटेनन्सला होते आणि कुवेतमधल्या रुमैथियात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. वय, हुद्दा आणि आवाज या तिन्हींत आम्हा सगळ्यांपेक्षा वडील, म्हणून अख्ख्या बिल्डिंगचे काका. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जगात काही बिघडतं ते केवळ कुणी मॅन्युअल वाचत नाही म्हणून, अशी त्यांची श्रद्धा असते.

झाड होतं हायड्रेंजियाचं, आणि ते काकूंसाठी होतं. काकू पाचगणीच्या. त्यांच्या माहेरी फाटकापाशी दर वर्षी त्याचे नारळाएवढे निळे गुच्छ यायचे. आखाती युद्ध संपल्यावर दोघं कुवेतला परतले, तेव्हा काकू एकदा सहज म्हणाल्या, "इथे तो फुलला तर घरासारखं वाटेल." काकांनी शब्द दिला, "फुलवून दाखवतो." दिलेला शब्द मोडणं काकांना मंजूर नव्हतं आणि फुलणं झाडाला.

शुक्रवारच्या बाजारातून रोप आलं. पहिल्याच दिवशी कुंडीला पत्र्याचा बिल्ला लागला, एच-१०१, प्लांटवरच्या पंपाला असतो तसा. लॅबमधले कागद आणून मातीची आम्लता तपासली गेली. फूल निळं यावं म्हणून पाण्यात तुरटी पडू लागली. उन्हाळ्यात झाडाचा मुक्काम हॉलमध्ये, एसीच्या अगदी समोर. पाहुण्यांनी कोपऱ्यात घाम पुसत बसायचं. "तुम्ही तासभर आहात, त्याला चार महिने काढायचेत," काका सुनावायचे. हिवाळ्यात झाड बाल्कनीत जायचं, आणि थंडी कमी वाटली तर मातीवर फ्रीजमधला बर्फ.

मग जानेवारी. झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या की शटडाऊन, प्लांट बंद ठेवून करतात तशी वार्षिक देखभाल. सगळ्या काड्या बोटभर ठेवून साफ. "जुना पार्ट बदलला नाही की एफिशियन्सी जाते," हे ते मला दर वर्षी नव्याने सांगायचे.

मार्चमध्ये झाड पानांनी गच्च भरायचं. अळूने लाजावं अशी पानं. फूल मात्र एकही नाही. मग काका चौकशी समिती बसवायचे. नर्सरीतला इजिप्शियन, बिल्डिंगचा राखणदार, ऑफिसातला डच सल्लागार, इतकंच काय, मीसुद्धा. मी तर तुळसही जगवू शकलेलो नव्हतो. सगळ्यांची मतं घेऊन झाली. फक्त एका व्यक्तीला कुणी विचारलं नाही. ती आतून चहा घेऊन यायची, समितीला द्यायची आणि आत जायची.

असं दहा-बारा वर्षं चाललं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, काका स्टूल ओढून कुंडीशी बसायचे. काकू दारात उभ्या राहून बघायच्या.

एका डिसेंबरात काका ड्यूटीवर गेले ते परत आलेच नाहीत. एरवी प्लांटवर लेखी वर्क परमिटशिवाय नट हलवू न देणारा माणूस. त्यांच्या हृदयाने कुणाचीही परवानगी न घेता काम थांबवलं. काकू त्यांना घेऊन नाशिकला, काकांच्या गावी, गेल्या. किल्ली माझ्याकडे होती. फ्रीजवर काकांच्या अक्षरात कामांची यादी चिकटवलेली: पाणी, तुरटी, जानेवारीत छाटणी. पाणी घातलं, तुरटी घातली. कात्री दोनदा हातात घेतली आणि खिळ्याला परत अडकवली. माझ्याच्याने होईना.

एप्रिलमध्ये काकू घर आवरायला आल्या. बाल्कनीचं दार उघडलं आणि तिथेच थांबल्या. झाडावर तीन गुच्छ होते. गुलाबी, पण कडेला निळसर झाक.

"यंदा छाटणी झाली नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी चाचरत कबुली दिली.

"याच्या कळ्या जुन्या फांदीतच असतात. थंडीभर झोपलेल्या. आमच्याकडे माळी थंडीत कात्रीला हात लावायचा नाही."

मी उडालोच. म्हणजे काका इतकी वर्षं स्वतःच्या हातांनी फुलं कापत होते! "काकू, मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं. म्हणाले, 'तू थांब, हे टेक्निकल आहे.' मला असा राग आला, म्हटलं, कापा!" त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "पुढे सांगावंसंच वाटेना. आठवडाभर प्लांटचा असलेला माणूस शुक्रवारी तासभर माझ्यासाठी बसायचा रे. फूल आलं असतं तर काम संपलं असतं."

झाड त्यांनी मला दिलं. फूल एकही तोडलं नाही. जाताना खिळ्यावरची कात्री मात्र काढली, काकांच्या रुमालात गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.