दोनदा दाबलेला ठिपका

नंदकुमार मास्तरांनी लॅपटॉपवर हात उगारला, तशी सुनंदा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

“अण्णा! लीलाचा आहे तो. फोडून टाकसान ना!”

“फोडतोच! केव्हाचा एक ठिपका मागून राहिलो याला. देतच नाही मुर्दाड.”

लीला म्हणजे सुनंदाची मुलगी, मास्तरांची एकुलती एक नात. परवा निंबोल्याला तिचं लग्न. पाठवणीला बँड जी चाल वाजवणार होता ती मास्तरांची होती. सुनंदा सासरी गेली तेव्हा त्यांनीच ती बांधली आणि तिच्या पाठवणीला त्यांनीच वाजवली. आता ती कागदावर उतरवायची होती, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

मास्तरांचं पोट टाइपरायटरवर चाललं. बुऱ्हाणपुरात कचेरीबाहेर पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायचे आणि संध्याकाळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचं. गावात दुसरा बँड गिरधरचा. दोघांचं जन्माचं वाकडं. मग डीजे आला, त्यानं दोघांच्याही तोंडचा घास काढला आणि गेल्या साली दोन्ही बँड मुकाट्यानं एक झाले. एका म्यानात दोन तलवारी! गणवेश एक झाला, गाडी एक झाली, वाजवणं मात्र एक होईना. मास्तरांची माणसं सूर तोडून वाजवत, गिरधरची ओढून. एकच चाल दोघं मिळून वाजवू लागले की ऐकणाऱ्याला वाटे, एक जण चालतोय आणि दुसरा त्याच्या धोतराला लोंबकळतोय.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे मास्तरांचे पुढचे दात पडले. क्लॅरिनेट दातांवर टेकवून वाजवायचं. कवळीवर ते ठरेना. म्हणजे स्वतः वाजवून दाखवायचीही सोय उरली नाही.

“मास्तर, चाल तुमची, मंजूर,” गिरधर म्हणाला होता. “पण कुठं तोडायचं ते कागदावर साफ दाखवा. नाही तर हमारे आदमी तो हमारे जैसेच बजाएंगे.”

दोन्हीकडच्या वादकांना पाच रेघांवर सूर मांडायचं इंग्रजी नोटेशन वाचता येत होतं. त्यात सूर तोडायचा असला की त्याच्या डोक्यावर ठिपका देतात. मास्तरांनी हातानं लिहून दिलं. पण हाताला कंप. ठिपके कुठले, शाईचे डाग पडले. गिरधरनं कागद उजेडात धरला आणि विचारलं, “यातले ठिपके कोणते आणि माश्या कोणत्या?” सगळे हसले. मास्तरांच्या ते फार जिव्हारी लागलं.

म्हणून लीलानं लॅपटॉपवर नोटेशन लिहायचा प्रोग्राम टाकून दिला. “आबा, सोप्पं आहे. सुरावर क्लिक करायचं, शिफ्ट धरून एस दाबायचं. ठिपका बसला. प्रत्येकासाठी हातानं उतरवत बसायची झंझटच नाही.” एवढं सांगून पोरगी मेंदी काढायला निघून गेली.

सूर मास्तरांनी बिनचूक भरले. बोटांना टाइपरायटरची सवय, त्यात त्यांना कोण हरवणार! पण ठिपका? ते सूर निवडत, शिफ्ट धरत, एस दाबत. पडद्यावर काहीतरी चमकल्यासारखं होई आणि सूर पुन्हा बोडकाच्या बोडका. चष्मा पुसून झाला, लॅपटॉप बंद करून चालू केला, मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलून झाला. मधूनच रागाच्या भरात ते बटणावर एकदाच बोट आपटत आणि एखादा ठिपका बसेही. त्यावरून त्यांनी ठरवलं की हे यंत्र शिव्यांशिवाय ऐकत नाही. मग त्यांनी त्याचा बाप काढला, आजा काढला. यंत्र ढिम्म.

“आता काय, ओढूनच वाजवा म्हणावं!” ते ओरडले. “रडगाणं करा माझ्या चालीचं!”

सुनंदानं हात पुसले आणि शेजारी स्टूल ओढलं. “पुन्हा दाबा बरं. मी बघते.”

मास्तरांनी दाबलं. टक-टक.

“दोनदा का दाबलं?”

“पक्कं बसायला. एकदा दाबून ठिपका उमटतो कुठं?”

सुनंदाला हसूही येईना. लहानपणी डबा घेऊन ती कचेरीपाशी जायची तेव्हाचं ते यंत्र तिला आठवलं. त्यातला अनुस्वार इतका झिजलेला की पहिल्या ठोक्याला तो उमटायचाच नाही. अण्णा प्रत्येक ठिपका दोनदा ठोकायचे. जन्मभर ठोकत आले.

“अण्णा, इथं पहिल्यांदा दाबलं की बसतो. दुसऱ्यांदा दाबलं की निघून जातो. तुम्हीच बसवून राहिले आणि तुम्हीच पुसून राहिले.”

मास्तरांनी पुन्हा शिफ्ट धरलं. एस दाबून बोट पुन्हा खाली जाणार, तोच सुनंदानं ते वरच्यावर धरलं. ठिपका बसला आणि बसूनच राहिला.

“हात्तिच्या मायला,” मास्तर म्हणाले.

तिनं बोट धरायचं आणि त्यांनी दाबायचं, असं करत चाल पुढं सरकली. मध्येच ती म्हणाली, “पण इतके ठिपके कशाला? गिरधरकाका ओढतात तेही काही वाईट नाही लागत.”

“ओढायला दम लागतो.” मास्तर एकदम चिडले. “तुझी गाडी हलली तेव्हा माझ्यापाशी दम होता काय? एक सूर लावला की हुंदका यायचा. क्लॅरिनेट वाजवणाऱ्यानं रडून चालतं काय? फुंकर फाटते. सूर तोडायचा, हुंदका गिळायचा, पुढचा सूर घ्यायचा. लोक म्हणाले, वा, काय हरकत घेतली मास्तरांनी! घेतली कपाळ!”

सुनंदानं तोंड फिरवलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला वाटे लावताना बापाच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही. तिनं त्यांचं बोट तेवढं घट्ट धरून ठेवलं.

निंबोल्याला पाठवणीच्या वेळी सगळ्यांच्या हातात छापलेले कागद होते. गिरधरनं सुरुवात केली आणि दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एकजीव होऊन वाजवू लागली. प्रत्येक सूर जिथं तुटायचा तिथंच तुटत होता. लीला सुनंदाच्या गळ्यात पडली. मास्तर मांडवाच्या खांबाला धरून, कान टवकारून उभे होते.

शेवटच्या ओळीत गिरधरच्या एका माणसानं सवयीनं सूर ओढलाच. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला तिथंच झापायला त्यांनी तोंड उघडलं, पण शिवी बाहेर आलीच नाही. सुनंदाच्या पाठवणीपासून गिळलेलं रडं बाहेर आलं, मोठ्यानं, सगळ्या मांडवादेखत. तोंडात क्लॅरिनेट नव्हतं. आज त्यांना काहीच वाजवायचं नव्हतं.